माधवदादाचा राखेचा ट्रॅक

माधवदादाला जाऊन चौथा दिवस होता. कायझर्सलाउटर्नच्या त्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी आणि सुनीतावहिनी आलेली पत्रं उघडत होतो. इथे जर्मनीत कुणी गेलं की घरी काळ्या कडेची कार्डं येतात. बहुतेकांत दोन ओळी आणि खाली सही असते. एक कार्ड मात्र जाड, भारी कागदाचं होतं, हेर म्हणजे श्रीयुत विंक्लरचं. वहिनींना त्या दिवशी जर्मन वाचायचं त्राण नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, माधव आमच्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, हसतमुख मदतनीस होता, त्याचे समोसे आम्ही कसे विसरू... आणि मग सहीच्या वर एक ओळ. घर आवरताना चाकांच्या मोजमापांची वही सापडली तर कृपया फेकू नये, फेराइनला तिचा उपयोग होईल. मी वाचायची थांबले.

"काय गं, काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. दादाचे समोसे छान असायचे म्हणतात."

"समोसे मी करायचे," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं पाकीट उघडायला लागल्या.

ते कार्ड मी पर्समध्ये टाकलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक शेवटी क्षमेपाशी येतात. मला ते जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझा मावसभाऊ मोठ्या मनाचा होता. मी नाही. तो असेपर्यंत त्याने माझं तोंड धरून ठेवलं होतं, आता धरायला कुणी नाही.

दादा मूळचा साताऱ्याचा. काकांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, लेथचं वर्कशॉप होतं, आणि हा लोखंडाच्या चुऱ्यात खेळतच मोठा झाला. पंचविशीत पीएचडीला म्हणून कायझर्सलाउटर्नला आला आणि मग तिथल्याच एका संशोधन संस्थेत धातू कसे थकतात, कुठे तडकतात, याच्या चाचण्या घेण्यात त्याची सगळी नोकरी गेली. मी पुण्याहून एश्बॉर्नच्या सॉफ्टवेअर कंपनीत आले तेव्हा विमानतळावर घ्यायला तोच होता. घर शोधून दिलं त्यानेच, आन्मेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत माझ्याबरोबर उभा राहिला तोही तोच. या देशात मला 'नीलू' म्हणणारी दोनच माणसं होती, आता वहिनी तेवढ्या उरल्या.

पन्नाशीला टेकल्यावर त्याला एक वेड लागलं. रविवारच्या जुन्या बाजारात त्याला एक फोटो मिळाला. फोटोत एक एवढीशी उघडी गाडी, आत बसलेल्या माणसाचे दोन्ही कोपर बाहेर आलेले, आणि मागे गवताच्या भाऱ्यांवर उभी असलेली गर्दी. दादाने तो फोटो मला दाखवून विचारलं, "नीलू, ही लहान मुलांची गाडी वाटते ना? ही रेसिंग कार आहे." या गाड्यांना मिजेट म्हणतात. एकोणीसशे तिसाच्या दशकात अमेरिकेत त्या निघाल्या. मोठी शर्यतीची गाडी परवडत नाही, पण हात तर शिवशिवतात, अशा मेकॅनिक लोकांनी मोटरसायकलचं नाहीतर बोटीचं इंजिन हलक्या सांगाड्यात बसवलं आणि धावण्याच्या शर्यतींसाठी केलेल्या छोट्या मैदानांत त्या फिरवायला सुरुवात केली. ट्रॅक लंबगोल, मातीचा किंवा कोळशाच्या राखेचा. गाडीला गिअरबॉक्स नाही, स्टार्टर नाही, मागून दुसऱ्या गाडीने ढकलून सुरू करायची. आणि वळायचं फक्त डावीकडे. त्यामुळे उजवीकडचं मागचं चाक डावीकडच्यापेक्षा मोठं ठेवायचे, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे ओढली जाते. "सरळ रस्त्यावर ही चालवली तर शेजाऱ्याच्या कंपाउंडमध्ये जाईल," असं सांगून दादा स्वतःच हसायचा. हे मी निदान चाळीस वेळा ऐकलं असेन, आणि चाळीसही वेळा तो तितकाच हसला.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक फाल्झमध्ये, म्हणजे कायझर्सलाउटर्नच्या या भागात, तळ ठोकून राहिले आणि त्यांच्याबरोबर हे खेळणंही आलं. त्यांच्या गाड्या पाहून इथल्या गावांतल्या लोहारांनी, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांनी युद्धातल्या भंगारातून स्वतःच्या गाड्या जोडल्या. खायची मारामार असलेल्या त्या दिवसांत रविवारी दुपारी अख्खं गाव राखेच्या धुरळ्यात उभं राहायचं, आणि काळी तोंडं घेऊन घरी जायचं. काही वर्षं हे चाललं आणि मग विझत गेलं. लोकांकडे खऱ्या मोटारी आल्या, घरात टेलिव्हिजन आला. ट्रॅक नांगरले गेले, गाड्या भंगारात गेल्या, आणि हे घडलं होतं हे सांगणारी माणसंही एकेक करून गेली. छापलेलं काही फारसं उरलं नव्हतं. एक साताऱ्याचा माणूस सुट्टीच्या दिवशी सायकल काढून गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे जायचा आणि विचारायचा, तुमच्या इथे गाड्या कुठे पळायच्या हो?

फोटोतला ट्रॅक त्याने कसा शोधला ते सांगते. कायझर्सलाउटर्नपासून तासाभरावरच्या एका गावात तो जुलैमध्ये टेकडीवर बसून डबा खात होता. खाली मक्याचं शेत होतं. त्या शेतात एका मोठ्या वक्र पट्ट्यातला मका बाकीच्यापेक्षा वीतभर बुटका होता. दादा जेवण अर्धं टाकून खाली उतरला, तिथली माती चिमटीत घेतली. काळी राख. इतकी वर्षं नांगरूनही ती जमिनीत तशीच होती, आणि तिच्यावर पीक नीट येत नव्हतं. शेताच्या कडेला एक घर होतं. त्याने बेल वाजवली. दार उघडलं हेडविगबाईंनी. आडनाव मी लिहिणार नाही. त्या तेव्हा ऐंशीच्या आसपास असतील. लहानपणी त्या याच ट्रॅकच्या फाटकाशी उभ्या राहून तिकिटं फाडायच्या.

हेडविगबाई दोन वर्षं दादाशी फक्त हवापाण्याबद्दल बोलल्या. तो दर गुरुवारी जायचा. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्त करून दिलं, परसातल्या पंपाचा वायसर बदलला. गाड्यांचा विषय तो काढायचा नाही, त्यांनी काढला तरच बोलायचा. मग एका गुरुवारी त्यांनी त्याला शेताच्या कडेला नेलं आणि ट्रॅकच्या दुसऱ्या वळणाकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्या घरातल्या एका माणसाच्या बाबतीत काहीतरी घडलं होतं, आणि गावाने ते वेगळंच सांगितलं होतं. त्या घराने ते सगळं आयुष्यभर गप्प राहून सोसलं होतं. खरं काय ते त्यांनी दादाला सांगितलं, आणि म्हणाल्या, हे तुमच्यापाशी राहू द्या. मला विचारल्याशिवाय कुठे छापू नका. दादाने शब्द दिला.

दादाची कामाची एक पद्धत होती. प्रत्येक गावाच्या ट्रॅकचा नकाशा तो स्वतः पावलांनी आणि टेपने मोजून काढायचा. नकाशावरची माहिती जर्मनमध्ये, स्वच्छ अक्षरात. कडेला मात्र मराठीत स्वतःशी बोलायचा. कुणी सांगितलेलं खरं वाटलं नाही तर शेजारी 'थाप' लिहायचा. 'दोघांना विचारलं, दोघं वेगळं सांगतात.' 'हे आजोबा दोन बिअरनंतर बोलले, परत जायला हवं.' असं सगळं. अकरा वर्षांत त्याची एक जाडजूड फाईल झाली. मध्येच एका शेतकऱ्याच्या आवारात त्याला मिजेटचा मागचा पत्रा मिळाला, उलटा घालून त्याखाली सशांचं घर केलं होतं. सशांना त्याने नवं लाकडी घर बांधून दिलं आणि पत्रा घरी आणला. त्या पत्र्यापासून सुरुवात करून गॅरेजमध्ये सबंध गाडी उभी केली.

आता विंक्लर. निवृत्त शाळामास्तर, जुन्या गाड्यांच्या फेराइनचा अध्यक्ष, मिशा कातरलेल्या, पायात पॉलिश केलेले बूट. दादा त्या फेराइनचा सभासद होता. विंक्लरला त्या फाईलची खबर लागल्यापासून तो मागे लागला होता, नुसती चाळायला द्या, तासाभरासाठी द्या. दादा म्हणायचा, "अजून नाही. काही जणांना विचारायचं राहिलंय." मग मावशी आजारी पडली आणि दादा-वहिनी महिनाभर साताऱ्याला गेले. घराची किल्ली माझ्याकडे होती. मी शनिवारी येऊन झाडांना पाणी घालायची. विंक्लरने मला फोन केला. फेराइनची एक छोटी पुस्तिका छापायला जातेय, दोन नावांची स्पेलिंग तपासायची आहेत, माधवची तत्त्वतः हरकत नाहीच, फाईल आठ दिवसांत परत देतो. शनिवारी अकराला येतो म्हणाला, आणि अकराला एक मिनिट कमी असताना बेल वाजली. दारात बूट काढले, झाडांचं कौतुक केलं. मी फाईल दिली. दादाला साताऱ्याला फोन करून विचारता आलं असतं. नाही विचारलं. तो दवाखान्याच्या धावपळीत आहे, त्याला कशाला त्रास द्यायचा, अशी मी माझी समजूत काढली. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात एकच होतं की हा जर्मन मास्तर आहे, वेळेवर आलाय, याच्याकडून कागद इकडचा तिकडे होणार नाही. आपल्यापैकी कुणी मागितली असती तर दहा प्रश्न विचारले असते.

आठव्या दिवशी फाईल परत आली. पानं क्रमाने, रबरबँड पूर्वी होता तिथेच. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. दादा परत आल्यावर चहा पिताना मी सहज सांगितलं. तो थांबला. "दिलीस का... बरं," म्हणाला. मग उठून फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

वर्षभराने पुस्तक आलं. पुस्तिका नव्हे, जाड पुठ्ठ्याचं, चकचकीत कागदाचं पुस्तक, लेखक हेर विंक्लर. सगळे ट्रॅक, सगळे नकाशे, सगळ्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत दादाचं नाव, 'टंकलेखनातली मदत आणि उत्कृष्ट समोसे' यांसाठी. आणि मध्ये एक अख्खं प्रकरण हेडविगबाईंच्या शेतातल्या त्या वळणावर, नावागावासकट. फाईलमध्ये दादाने जेवढं टिपून ठेवलं होतं तेवढं विंक्लरने उचललं होतं, आणि उरलेलं गावात ऐकलेलं भरलं होतं.

त्या गुरुवारी दादा नेहमीसारखा गेला, आणि अर्ध्या तासात परत आला. वहिनींना एवढंच म्हणाला, "त्या आता भेटणार नाहीत." त्याने नंतर पत्र लिहिलं, तेही परत आलं. त्याला पुस्तक चोरीला गेल्याचं फारसं काही वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. "ट्रॅक कुणाच्या का नावाने होईना, लोकांना कळले ना," असं तो म्हणायचा. पण एका म्हाताऱ्या बाईला आपण दिलेला शब्द मोडला असं तिला वाटतंय, हे त्याला खात गेलं. मी पेटले होते. वकील बघते म्हटलं, वर्तमानपत्रात लिहिते म्हटलं, फेराइनच्या सभेत जाऊन बोलते म्हटलं. दरवेळी त्याचं एकच. "नीलू, राहू दे. विषय वाढवू नकोस." एकदा मी त्याला भेकड म्हटलं. आपण इथे वर्षानुवर्षं खाली मान घालून राहतो म्हणून हे लोक आपल्याला समोशांपुरतं मोजतात, असंही म्हटलं. तो नुसता स्पॅनर पुसत राहिला. त्यानंतर चार महिने मी त्याच्याकडे गेले नाही. पुढे गेले, जेवले, हसले, पण तो विषय आमच्यात परत निघाला नाही. एका सकाळी तो गॅरेजमध्ये त्या गाडीशेजारच्या स्टुलावर बसलेलाच गेला. वहिनी चहाला हाक मारायला गेल्या होत्या.

दादा गेल्यावर पाच आठवड्यांनी वहिनींच्या नावाने गावाच्या पंचायतीकडून, म्हणजे गेमाइंडेकडून, आमंत्रण आलं. हेडविगबाईंच्या शेताच्या बांधावर, जिथे ट्रॅक होता तिथे, माहितीफलक बसवला होता. त्याचं अनावरण हेर विंक्लर यांच्या हस्ते. वहिनींनी आमंत्रण माझ्यासमोर सरकवलं.

"मी नाही जाणार. तू जा. पण भांडू नकोस."

"नाही भांडणार."

"ते कार्ड अजून तुझ्या पर्समध्ये आहे ना?"

मी पर्सची चेन लावली. वहिनींनी डबा भरून दिला.

शनिवारची सकाळ, बारीक भुरभुर, तीसचाळीस माणसं, सेक्टचे, म्हणजे फेसाळ वाइनचे, पेले. मी भांडायलाच गेले होते, पण कशाच्या जोरावर भांडणार ते मला माहीत नव्हतं. फाईल मी त्यानंतर कधी उघडली नव्हती, तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. विंक्लरने दहा मिनिटं भाषण केलं, त्यात 'माझी अनेक वर्षांची भटकंती' हे तीनदा आलं. मग महापौरबाईंनी आणि त्याने मिळून कापड ओढलं.

फलक चांगला दारभर उंचीचा होता. मध्यभागी ट्रॅकचा हाताने काढलेला नकाशा, खाली ठळक अक्षरांत 'रेखाटन' आणि विंक्लरचं नाव. पुस्तकात हाच नकाशा पोस्टाच्या दोन तिकिटांएवढा छापला होता, त्यात कडेला फक्त मुंग्यांसारखे ठिपके दिसायचे. इथे तो मोठा केला होता. दुसऱ्या वळणापाशी एक फुली होती, आणि फुलीशेजारी, बोटभर उंच अक्षरांत, दादाचं मराठी. त्याचा तो पोट फुगलेला 'ह', शिरोरेघ अर्ध्यात सोडायची त्याची सवय. मी ते दोनदा वाचलं. आणि मग फार बरं वाटलं. इतकं बरं वाटणं चांगल्या माणसाचं लक्षण नाही, याची मला कल्पना आहे.

मी पुढे गेले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हेर विंक्लर, हे रेखाटन तुमचं?"

"हो, अगदी. स्वतः मोजून काढलंय."

"आणि हे कडेला काय लिहिलंय?"

तो क्षणभरही अडखळला नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवल्याचा हा फायदा. "ती त्या काळातल्या मेकॅनिक लोकांची लघुलिपी आहे. एका जुन्या कागदावरून मी तशीच उतरवून घेतली."

"हो का? काय म्हणतेय ती?"

"वळणाच्या कोनाबद्दल आहे. तांत्रिक."

महापौरबाई कौतुकाने मान हलवत होत्या. मी फलकासमोर उभी राहिले आणि आधी मोठ्याने मराठीत वाचलं, कारण ते ज्याने लिहिलं त्याच्या भाषेत एकदा तरी त्या शेतात ऐकू यायला हवं होतं. 'ही जागा हेडविगबाईंनी विश्वासाने दाखवली. त्यांना विचारल्याशिवाय छापायची नाही. मी शब्द दिला आहे. माधव.' मग ओळीओळीने जर्मनमध्ये सांगितलं. म्हटलं, ही लघुलिपी माझ्या गावच्या शाळेत पहिलीपासून शिकवतात, आमच्या पुण्यातल्या कुठल्याही पोराला वाचता येईल. मागे कुणीतरी फस्सकन हसलं. विंक्लर छापखान्याच्या गोंधळाबद्दल काहीतरी बोलू लागला. तेव्हा मी पर्समधून ते काळ्या कडेचं कार्ड काढलं आणि चाकांच्या मोजमापांच्या वहीची ओळ वाचून दाखवली, तारखेसकट. सेक्टचा पेला त्याच्या हातात तसाच होता.

वहिनींना दिलेला शब्द मी मोडला नाही. आवाज एकदाही चढवला नाही.

पुढच्या आठवड्यात महापौरबाईंचं पत्र आलं. फलक काढून टाकतो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. विंक्लरनेही आपलं नाव काढावं अशी विनंती केली होती म्हणे. मी उलट टपाली आइनश्राइबेनने, म्हणजे पोच घेऊन, उत्तर पाठवलं. फलक काढू नये. हेर विंक्लर यांचं नाव काढू नये. ते राहू द्यावं. फक्त नकाशावरच्या त्या तीन ओळींचं जर्मन भाषांतर खाली पितळी पट्टीवर बसवावं आणि त्या कुणी लिहिल्या ते नमूद करावं. पट्टी बसली. आता तिथे येणारा जाणारा वर चोराचं नाव वाचतो आणि खाली घरमालकाचं. संपादकांच्या आग्रहावरून या लेखात विंक्लरचं आडनाव मी बदललं आहे. फलकावर मात्र खरं आहे.

वहिनींकडून किल्ली घेऊन फाईलही शेवटी उघडली. विंक्लरने जर्मन तेवढं वाचलं आणि मराठी तेवढं सोडलं, त्यामुळे दादाने ज्या गोष्टींपुढे 'थाप' लिहिलं होतं त्या सगळ्या त्याच्या पुस्तकात इतिहास होऊन बसल्या आहेत. एक ड्रायव्हर म्हणे मांडीवर जिवंत हंस घेऊन शर्यत जिंकला होता. दादाचा शेरा: 'थाप. पण छान थाप.' विंक्लरने त्या हंसावर चार पानं लिहिली आहेत, हंसाच्या वजनासकट. अशा चौदा थापा मी मोजल्या. फेराइनच्या मासिकात वाचकांच्या पत्रव्यवहाराचं पान असतं. तिथे मी दर महिन्याला एक पाठवते, मूळ पानाच्या फोटोसह. एकदम चौदा पाठवल्या असत्या तर त्याला एकदाच लागलं असतं. आत्तापर्यंत तीन छापून आल्यात. हंस मी दिवाळीसाठी राखून ठेवलाय.

एवढं सगळं झाल्यावर राहिल्या होत्या हेडविगबाई. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, त्याच घरात राहतात. एका गुरुवारी मी फलकाचा फोटो घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत घेतलं. पट्टीबद्दल त्यांना गावातून कळलं होतं. दाराशी पाहुण्यांनी घरात घालायच्या मऊ जोड्यांचा एक लाकडी खण होता. त्यात एकाच पुरुषी जोडाच्या टाचा मोडलेल्या होत्या. दादा जोडे नेहमी टाच मोडून घालायचा, मावशी त्यावरून त्याला आयुष्यभर ओरडली. इतक्या वर्षांत हेडविगबाईंनी तो जोड टाकला नव्हता. मी त्या फोटोवरच्या ओळी त्यांना पुन्हा वाचून दाखवल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला एक समजत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ते दारात उभे होते. मी त्यांना एकच विचारलं. विंक्लरला कागद कुणी दिले? ते म्हणाले, मी दिले. मी दार लावलं. दुसऱ्या कुणी दिले म्हणाले असते तर मी त्यांना आत घेतलं असतं. मग असं का म्हणाले?"

'विषय वाढवू नकोस.' वकील केला असता, सभेत गेले असते, तर पहिला प्रश्न हाच विचारला गेला असता. कागद कुणी दिले? त्याचं उत्तर माझं नाव होतं. मी त्याला भेकड म्हटलं होतं, त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या तोंडावर...

"कागद मी दिले होते," मी म्हटलं. "ते भारतात होते. त्यांना न विचारता दिले."

हेडविगबाईंनी चष्मा परत चढवला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण."

"आल्झो, असं आहे तर," त्या म्हणाल्या. उठल्या, कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कॉफी दिली. निघताना मी म्हटलं, मला दादावर लिहायचंय, मराठीत, पुण्याच्या पुरवणीत, त्यात तुमचं नाव येईल. त्या म्हणाल्या, आधी मला वाचून दाखवा.

विंक्लरवरचा माझा राग त्या दिवसानंतर कमी झाला असेल असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. त्याला क्षमा नाही, हंसासकट. फक्त त्या यादीत आता मीही आहे, आणि माझ्याकडून वसूल करायला दादा नाही.

तर मागच्या गुरुवारी पुन्हा गेले. दाराशी तो टाच मोडलेला जोड तसाच होता. स्वयंपाकघरात बसून हा सगळा लेख मी वाक्यावाक्याने जर्मनमध्ये करून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. आडनाव काढा म्हणाल्या, मी काढलं. त्या वळणावर कुणाचं काय झालं याबद्दल मी चार वाक्यं लिहिली होती, ती काढा म्हणाल्या, तीही काढली. हंसाला त्या हसल्या. मग मी विचारलं, फाईल मी विंक्लरला दिली तो भाग मोठा झालाय, तो थोडा कमी करू का? किंवा काढूनच टाकू?

"नाही," हेडविगबाई म्हणाल्या. "ते राहू द्या."